मिलिंद नावाचा प्रश्न

परभणीच्या जिल्हा न्यायालयात आमच्या टेबलापाशी माणसे जामिनाचे, पोटगीचे, धुऱ्याच्या भांडणाचे काम घेऊन येतात. मध्यंतरी एक तरुण नावाचे काम घेऊन आला. पूर्णा तालुक्यातला, खाजगी नोकरी करणारा. त्याचे लेकरू अकरा महिन्यांचे झाले, तरी जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच आहे. नाव लावायला किती मुदत असते, एवढेच त्याला विचारायचे होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नाव मागाहून देता येते. बारा महिन्यांच्या आत शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येते. आम्ही ते सांगितले. काम संपले होते, पण तो उठेना.

"साहेब, घरात भांडण लागलंय," तो म्हणाला. त्याचे आजोबा साठच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले, पुढे मास्तर झाले आणि थोरल्या मुलाचे नाव त्यांनी मिलिंद ठेवले. तो मुलगा, म्हणजे या तरुणाचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेला. आता पणतवाला तेच नाव द्यायचे असा म्हाताऱ्याचा हट्ट आहे. नातसून म्हणते, सासऱ्याचे नाव घेऊन लेकराला हाका कशा मारू? आणि शिवाय ते जुने वाटते. "आबाला विचारलं, मिलिंद म्हणजे काय? तर म्हणले, बाबासाहेबांनी दिलेलं नाव आहे. त्याच्या पुढं त्यांनाबी सांगता येईना. आता तुम्ही तरी सांगा."

आम्हालाही उभ्या उभ्या धड सांगता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. यवन राजा, भंते नागसेन, मिलिंदप्रश्न, एवढे शब्द तोंडातून निघाले आणि तेवढ्यात आमच्या प्रकरणाचा पुकारा झाला म्हणून आमची सुटका झाली. आमच्या शाळेच्या वर्गात तीन मिलिंद होते. आज मतदार यादी चाळताना पन्नाशीच्या पुढेमागे मिलिंद हटकून भेटतो, पण अठरा-वीस वर्षांच्या नवमतदारांत त्याला शोधावा लागतो. पाळण्यात तर तो आम्हाला कित्येक वर्षांत दिसलेला नाही. नाव दुर्मीळ होत चालले आहे, आणि त्याचा अर्थ आमच्या घरांतून त्याच्याही आधी गेला आहे. तो परत सांगावा म्हणून हा लेख.

आमच्या समाजाला नाव या गोष्टीचे एवढे काय पडले आहे, असे विचारणारे आजही भेटतात. त्यांनी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडावा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे नाव ऐकताच किळस यावी असे, ही आज्ञा तिथे एकतिसाव्या श्लोकात आहे. मग शूद्राच्याही खाली ढकललेल्यांच्या वाट्याला काय येणार? आमच्या पणजोबांची नावे दगडू, कचरू, धोंडू, उकिर्डा अशी होती. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवत. पण त्यांचा दगडू मोठेपणी दगडूराव, दगडूशेठ होत असे. आमचा मात्र सत्तर वर्षांचा होऊन मेला तरी पाटलाच्या ओसरीसमोर दगड्याच राहिला!

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले, त्यानंतर आमच्या वस्त्यांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, सुजाता, विशाखा, महामाया, संघमित्रा जन्माला आले. ही नावे तथागतांच्या घरातली, संघातली किंवा धम्म वाढवणाऱ्या सम्राटाच्या कुळातली. मिलिंद त्यांच्यातला असूनही थोडा वेगळा. तो आमच्याकडे दीक्षेच्या आधीच आला, आणि विहाराच्या दारातून नव्हे, कॉलेजच्या दारातून आला.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ साली मुंबईत काढली. निजामाचे राज्य १९४८ साली गेले आणि दोनच वर्षांत, १९५० च्या जूनमध्ये, सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादला सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्याला तेव्हा स्वतःचे विद्यापीठ नव्हते, ते १९५८ साली झाले. तोवर इकडची महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. या महाविद्यालयाला मिलिंद आणि त्याच्या परिसराला नागसेनवन अशी नावे मिळाली. परभणी, पूर्णा, मानवत रोड, सेलू या स्टेशनांवरून मीटरगेज गाडीत बसून आमच्या घरांतली पहिली मॅट्रिक झालेली पोरे तिकडे गेली. पत्र्याची पेटी, एक सतरंजी आणि गावाहून बांधून दिलेल्या भाकरी. त्या पोरांनी परत येऊन शाळांत, कचेऱ्यांत, कोर्टांत नोकऱ्या धरल्या आणि आपल्या मुलांची नावे मिलिंद ठेवली. आमच्या भागात हे नाव पसरले ते असे. पंचांगात बघून ते कोणी काढले नव्हते.

आता तो राजा कोण? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात आणि पंजाबात ग्रीक वंशाच्या राजांची सत्ता होती. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला मेनांडर. राजधानी सागल, जे आजचे सियालकोट समजले जाते. त्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत; एका बाजूला ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला खरोष्टी. खरोष्टीत तो मेनंद्र होतो आणि पालीत येता येता मिलिंद होतो. परक्या मुलखातल्या वंशाचा माणूस इथल्या लोकांच्या जिभेवर असा आपला झाला. तो मेल्यावर त्याच्या अस्थींसाठी नगरांनी आपसांत वाद घातला आणि त्या वाटून घेऊन त्यांवर स्मारके बांधली, असे प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो. तथागतांच्या अस्थींची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

हा राजा वादविवादात कोणाला ऐकत नसे. श्रमणांना, पंडितांना प्रश्न विचारून तो निरुत्तर करी, आणि शेवटी त्याची गाठ भिक्खू नागसेनाशी पडली. त्या दोघांचे संवाद म्हणजे मिलिंदपञ्हो हा पाली ग्रंथ. ब्रह्मदेशात तर तो त्रिपिटकात धरतात. राजाने विचारावे आणि भिक्खूने उत्तर द्यावे, असा हा ग्रंथ आहे. म्हणून त्यावर नाव उत्तर देणाऱ्याचे नाही, विचारणाऱ्याचे आहे. कॉलेजला मिलिंदाचे नाव देण्यात आम्हाला हेच दिसते. शिकायला येणारे पोर म्हणजे मिलिंद, प्रश्न घेऊन आलेले. ज्याच्या सावलीत बसून उत्तर शोधायचे ते नागसेनवन. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, त्यांच्या पोरांना हे नाव!

पण मिलिंद हे नाव एकट्या आमचे राहिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि त्या अर्थाने पांढरपेशा घरांनी ते साठच्या-सत्तरच्या दशकात हौसेने ठेवले. मिलिंद गुणाजी, मिलिंद सोमण ही नटांची नावे सर्वांना माहीत आहेत. त्यांचा मिलिंद कमळावरचा आणि आमचा सागलच्या सिंहासनावरचा. हजेरीपटावर दोघे शेजारी बसले. नुसत्या नावावरून जात कळत नाही अशी जी थोडी नावे महाराष्ट्रात झाली, त्यांत हे एक. म्हणून मग मराठवाड्यातला मास्तर पुढचा प्रश्न विचारी : "मिलिंद... आणि आडनाव काय रे तुझं?" आम्ही वर्गात हे स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. तीन मिलिंदांपैकी दोघांनाच तो प्रश्न विचारला गेला. तिसऱ्याचे वडील मास्तरांच्या ओळखीचे होते.

आता ते मागे का पडले? आमच्या काही धम्मबांधवांना वाटते की नवी पिढी बाटली, विहान-आर्यनच्या नादी लागली. आम्हाला हे पटत नाही. फॅशनची लाट सगळ्यांच्याच घरात शिरते. पांढरपेशांच्या घरांतूनही मिलिंद गेलाच आहे, तिथे कोणता धम्म बुडाला? आणि आमच्या वस्त्यांत आज सम्यक आहे, संबोधी आहे, सुगत आहे, तथागत आहे. ही नावे मिलिंदापेक्षा अधिक उघड बोलणारी आहेत. आईबाप धम्मापासून दूर गेलेत असे त्यावरून म्हणवत नाही. मिलिंद गेला त्याचे कारण आम्हाला वेगळे वाटते. ते नाव ज्या प्रवासात मिळाले तो प्रवास घरात कोणी सांगितला नाही. आजोबांनी नाव दिले, बापाने वागवले आणि नातवाच्या हाती आले तेव्हा त्यात फक्त जुनेपणा उरला होता.

काही जण म्हणतील, वकीलसाहेब, नावात काय आहे? हे आम्हाला विचारू नका, मराठवाड्याला विचारा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आठवडाभरात आमची गावेच्या गावे पेटली. परभणी जिल्ह्यातही घरे जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारे यांनी १९९३ साली नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. इथे परभणीतच १९७२ चे मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. त्याला २०१३ साली वसंतराव नाईकांचे नाव दिले. एकही झोपडी जळली नाही, आणि जळू नयेच. आमची त्या नावाबद्दल तक्रार नाही. पण एका नावाला सोळा वर्षे आणि माणसांचे जीव लागतात, दुसऱ्याला एक सरकारी निर्णय पुरतो. नावात काय आहे ते यावरून समजावे.

आणि इथेच हा ग्रंथ आम्हाला अडचणीत टाकतो. राजाचा भिक्खूला पहिला प्रश्नच नावाचा आहे. नाव काय, असे तो विचारतो. भिक्खू सांगतो की लोक मला नागसेन म्हणतात, आईबाप असे काहीतरी नाव ठेवतात, पण ती नुसती हाक आहे. त्या नावाचा कोणी आत बसलेला सापडणार नाही. राजा चकित होतो. मग नागसेन त्याला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, जू, लगाम यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी त्याला कळते की हे सगळे एकत्र जुळले म्हणजे त्याला रथ म्हणतात.

नावासाठी रक्त सांडलेल्या चळवळीने हे कसे वाचावे? आम्ही दोन-तीन रात्री यावर घालवल्या. नागसेन नाव टाकून द्या म्हणत नाही. तो दांडी, आस, चाके मोजायला लावतो. मिलिंद या नावाची चाके कोणती होती? मीटरगेज गाडी, वसतिगृह, ग्रंथालय, रात्री बारापर्यंत चालणारे वाद आणि गावातली ती माय, जिने शेळी विकून फी भरली. आज आमच्या तालुक्यांतल्या विहारांत फिरून बघा. कमान आहे, पुतळा आहे, जयंतीला डीजे आहे. पुस्तकाचे कपाट किती ठिकाणी आहे? असेल तिथे किल्ली कोणाकडे आहे? हे आम्ही विरोधकांना विचारत नाही, विहाराच्या अध्यक्षांना विचारतो, आणि आम्हीही अशा एका समितीवर सहा वर्षे काढली आहेत.

त्याच ग्रंथात आणखी एक जागा आहे, ती वकील म्हणून आम्हाला विशेष भावली. पुढचा वाद सुरू होण्याआधी नागसेन अट घालतो : पंडितासारखा वाद करणार असाल तर बोलू, राजासारखा करणार असाल तर नाही. फरक काय? पंडित वादात अडकला तर चूक मान्य करतो, रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला दंड देतो. सिंहासनावर बसलेल्या मिलिंदाने ही अट मान्य केली, म्हणून त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आमच्या परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोकांनी जाब विचारला, तर धरपकड झाली, आणि त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. प्रश्न विचारणाऱ्याशी कोण पंडितासारखे वागले आणि कोण राजासारखे, हे परभणीकरांना वेगळे सांगायला नको.

तो तरुण पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. रकाना अजून कोराच होता. बायको आता म्हणते, घरात मिलिंद म्हणा, दाखल्यावर सम्यक लावा. आबा म्हणतात, दाखल्यावरच मिलिंद पाहिजे, घरात काय पाहिजे ते म्हणा. आम्ही निकाल दिला नाही. तो आमचा अधिकारही नाही. आमच्याकडची मिलिंदप्रश्नाची मराठी प्रत त्याला दिली आणि सांगितले, आबांना रोज थोडे वाचून दाखव, तुझी मंडळीही बसू देत. त्याने पाने चाळली आणि विचारले, "साहेब, हे पहिल्यापासून वाचायचं, की कुठूनबी चालतं?" आम्ही म्हणालो, रथापासून सुरू कर.

बारा महिने भरायला आता अठरा दिवस उरले आहेत. पुस्तक अजून परत आलेले नाही.