ब्रेक नादुरुस्त, जबाबदार कोण?

अपघाताची बातमी वाचताना एक वाक्य आपल्याला पाठ झाले आहे : 'चालकाचा ताबा सुटल्याने गाडी उलटली.' ताबा का सुटला, हे मात्र क्वचितच छापून येते. ब्रेकचे लायनर झिजले होते का? टायर गुळगुळीत झाले होते का? ड्रायव्हर किती तास जागा होता? हे प्रश्न बाजूला राहतात आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस पोलीस चौकीत जातो.

आपल्या वस्त्यांतले कितीतरी बांधव ट्रक, टेम्पो, डंपर, कचऱ्याच्या गाड्या चालवून घर चालवतात. अपघातानंतर सल्ल्यासाठी येणाऱ्यांचे म्हणणे बहुधा एकच असते : "साहेब, ब्रेक लागत नाही म्हणून मालकाला तीनदा सांगितलं होतं." सांगितल्याचा कागद आहे का, असे आम्ही विचारले की उत्तर नसते. म्हणून आज या कागदाविषयीच लिहीत आहोत.

मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 190 प्रत्येक ड्रायव्हरने समजून घ्यावे. धोकादायक दोष असलेली गाडी जो चालवतो तो गुन्हेगार, आणि जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही गुन्हेगार. दोष ठाऊक असला पाहिजे, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळण्याजोगा असला पाहिजे. म्हणजे 'मला माहीत नव्हते' असे म्हणून मालक सुटत नाही, तसा ड्रायव्हरही सुटत नाही. जादा मालाचेही तेच. गाडी पासिंगपेक्षा जास्त भरलेली सापडली आणि ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने ती भरली असे कोर्ट गृहीत धरू शकते. तसे कलम 113 मध्येच लिहिले आहे.

मग मालकाला धाक का वाटत नाही? शिक्षा पाहा. दोष असलेल्या गाडीचा दंड 1,500 रुपयांपर्यंत. त्यातून कोणी जखमी झाले तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि निष्काळजीपणाने माणूस दगावला असे ठरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद. हे कलम पहिल्यांदा लागते ते ड्रायव्हरला, कारण समोर तोच असतो. दोष कोणाला आधी माहीत होता, हे सिद्ध करायची वेळ त्याच्यावरच येते.

तेव्हा बंधूंनो, गाडी काढण्यापूर्वी दहा मिनिटे द्या. ब्रेक, हवेचा दाब, टायर, स्टिअरिंगचा प्ले, दिवे, इंडिकेटर, वायपर, आरसे पाहा. दोष दिसला तर तारीख, वेळ, गाडीचा नंबर घालून दोन ओळी लिहा आणि मालकाची किंवा सुपरवायझरची सही घ्या. सही देत नसेल तर फोटो काढून मोबाईलवर त्याला पाठवा आणि तो निरोप पुसू नका. तोंडी सांगितलेले मालक विसरतो, लिहिलेले विसरता येत नाही. मात्र कागद लिहिला म्हणजे ब्रेक लागत नसलेली गाडी रस्त्यावर न्यायची मुभा मिळाली, असे समजू नका. समोरून येणाऱ्याच्या घरीही लेकरे आहेत.

"गाडी नको म्हटले तर उद्या दुसरा ड्रायव्हर उभा राहील," ही भीती खरी आहे. एकट्याने नाही म्हणणे जड जाते. म्हणून एका मालकाकडच्या चार-पाच जणांनी मिळून अर्ज द्यावा, संघटनेत नाव घालावे. झोपेचेही तसेच. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास, असा सर्वसाधारण नियम घातला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या नव्या संहितेने घेतली. तिथेही दिवसाचे काम 8 तासांचेच धरले आहे.

घरच्या भगिनींनाही एक काम सांगतो. लायसन्स, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, डिझेलच्या पावत्या, मालकाचे नाव-पत्ता हे सारे एका पिशवीत जपून ठेवा. कामावर असताना कामामुळे झालेल्या अपघातात ड्रायव्हर दगावला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर भरपाई देणे मालकावर बंधनकारक आहे. 'चूक त्याचीच होती' एवढे म्हणून ती टाळता येत नाही. पण 'हा माझा नोकरच नव्हता' असे मालक म्हणाला, तर त्याला उत्तर त्या पिशवीतूनच द्यावे लागेल.

वही आणि पेन आजच गाडीत ठेवा. घरात लिहिता-वाचता येणारा मुलगा-मुलगी असेल तर पहिला अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्या. आपल्या बापाची गाडी कशी आहे, हे त्यांनाही कळू द्या.