मच्छीमाराचे यंत्र कोणी निवडायचे?

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचे धरण १९८२ साली पूर्ण झाले आणि वाहत्या नदीचा जलाशय झाला. पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांना तेव्हापासून एक नवा धडा शिकावा लागला: पाणी दारात असले तरी मासळीचा हक्क ठेक्याच्या कागदावर असतो. महाराष्ट्रातील जलाशयांची ही सर्वसाधारण रीत आहे. ठेका कधी मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो, कधी निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला. आणि संस्थेची पाटी पुढे, ठेकेदाराची थैली मागे, असाही कारभार चालतो.

या मच्छीमाराला आता आधुनिक होण्याचा उपदेश केला जात आहे. मासे दाखवणारे यंत्र, जागा सांगणारे यंत्र, बिनतारी संच, सारे काही पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे, तेव्हा त्याने ते घ्यावे आणि उत्पन्न वाढवावे, असा हा उपदेश आहे. तो करणारे एक साधा प्रश्न विचारायला विसरतात: स्वस्त म्हणजे कोणासाठी स्वस्त? वस्तूची किंमत दुकानात ठरते, पण तिचा स्वस्तपणा ती वापरणाऱ्याच्या मिळकतीवर ठरतो. आणि ती मिळकत कोण खातो, यावर तर त्याहून अधिक ठरतो.

मासे दाखवणाऱ्या यंत्राचेच उदाहरण घ्यावे. ते नावेच्या तळातून ध्वनिलहरी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटवते. लहरींचा झोत शंकूच्या आकाराचा असतो. वीस अंशांचा झोत धरला तर वीस फूट खोल पाण्यात तळाशी त्याला जेमतेम सात फूट रुंदीचे वर्तुळ दिसते. खोल समुद्रात मासळीच्या थव्याभोवती जाळे फिरवणाऱ्या मोठ्या बोटीला या यंत्राचा लाभ होतो, यात शंका नाही. परंतु हतनूरचा जलाशय गाळाने भरत चालला आहे. अशा उथळ पाण्यात संध्याकाळी जाळे लावून पहाटे ते उचलणाऱ्या माणसाला सात फुटांच्या वर्तुळाचे काय करायचे? मासा कोठे फिरतो हे त्याला वाऱ्यावरून, पाण्याच्या रंगावरून आणि बापजाद्यांच्या शिकवणीवरून ठाऊक असते. दहा हजारांच्या पुढे मोजून घेतलेले यंत्र त्याला ठाऊक असलेलेच सांगणार, आणि कर्जाचा हप्ता मात्र नवा लावणार.

त्याला खरोखर काय हवे? प्रथम जीव वाचवणारे साधन हवे. राज्यातील कित्येक जलाशयांवर माणसे थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून मासेमारी करतात. त्यांना धड नाव, अंगावर लाइफ जॅकेट आणि डोक्याला बांधायचा बॅटरीचा दिवा मिळाला पाहिजे. जागा दाखवणारे वेगळे यंत्र घेण्याचे कारण नाही. साध्या स्मार्टफोनमध्ये नकाशा आधी उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही ते काम होते. त्यानंतर मासळी टिकवणारी बर्फाची पेटी हवी. सकाळी नऊच्या आत माल विकला नाही तर तो नासणार, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, आणि याच एका माहितीवर तो भाव पाडतो. आणि हवा संस्थेच्या मालकीचा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक तोलकाटा. काठावर कट्टी कापून वजन धरले जाते, उचल दिलेला व्यापारी स्वतःच माप घेतो आणि स्वतःच हिशेब लिहितो. तेथे प्रत्येक किलोचा आकडा सर्वांदेखत दाखवणारा काटा कोणत्याही मत्स्यशोधक यंत्रापेक्षा अधिक मासे मिळवून देईल. हे मासे पाण्यातून निघून गेलेले नसतात; ते मापातून गेलेले असतात.

मग ही साधने आधी का येत नाहीत? कारण निवड मच्छीमार करीत नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने वैयक्तिक लाभार्थ्यासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना ६० टक्के अनुदान ठेवले. उरलेली रक्कम कोठून आणायची? ज्याच्यापाशी भांडवल आहे तो ती सहज भरतो आणि अनुदान पदरात पाडून घेतो. ज्याच्यापाशी नाही तो त्याच व्यापाऱ्याकडे उचल मागायला जातो. अशा रीतीने गरिबाच्या नावाने निघालेला पैसा सधनाच्या दारी पोहोचतो, आणि गरिबाच्या दारी पोहोचलाच तर कर्जाला सोबत घेऊन येतो.

हतनूरचे हे गणित ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी कोकण किनाऱ्याकडे पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून एक लाख यांत्रिक बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी कार्यक्रमाचा आरंभ झाला. इस्रोने घडवलेल्या या यंत्राने मोबाइल पोहोचत नाही तेथूनही संकटाचा संदेश पाठवता येतो आणि वादळाची सूचना मिळते. सार्वजनिक विज्ञान, सार्वजनिक पैसा आणि जिवाचे रक्षण, असा हा मेळ आहे; त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याच किनाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक्सचे दुसरे रूपही आहे. जनरेटर लावून एलईडी दिव्यांच्या झगमगाटात मासळी गोळा करायची आणि पिल्लांसकट उपसायची, या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये दंड वाढवला. लहान मच्छीमाराचा समुद्र ओस पाडणारा हा दिवाही ‘आधुनिक साधन’ म्हणूनच आला होता.

केरळचा इतिहास याहून जुना आहे. १९५३ साली नीण्डकरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने प्रकल्प उभा राहिला तो गरीब मच्छीमारांना यांत्रिक नावा देण्यासाठी. पुढे कोळंबीच्या निर्यातीत नफा दिसू लागला आणि मच्छीमार नसलेल्यांचे भांडवल ट्रॉलर घेऊन उतरले. परंपरागत मच्छीमारांना पावसाळ्यातील ट्रॉलरबंदीसाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. १९८८ साली ती बंदी आली.

यावर ठरलेला आक्षेप येईल: समाजवाद्यांना यंत्रच नको असते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राचा विचार मांडला, तो यंत्राला विरोध म्हणून नव्हे. कमी भांडवलात चालणारे, वापरणाऱ्याच्या ताब्यात राहणारे यंत्र त्यांना हवे होते. त्याच होशंगाबाद जिल्ह्यात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. समाजवादी कार्यकर्ते सुनील यांच्या साथीने उभ्या राहिलेल्या तवा मत्स्य संघाने दहा वर्षे ठेकेदाराविना मासळी धरली, विकली आणि हिशेब चोख ठेवला. २००६ मध्ये सरकारने ठेक्याचे नूतनीकरण केले नाही. संघ तोट्यात गेला म्हणून तो बुडाला नाही; पाण्यावरचा हक्क काढून घेतला म्हणून बुडाला. हक्क गेला की नाव, जाळे, काटा, सारे निरुपयोगी होते.

म्हणून खानदेशातील कार्यकर्त्यांनी मागण्यांचा क्रम चुकवू नये. जलाशयाचा ठेका प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्यांच्या संस्थेलाच मिळावा आणि तिच्या सभासदांची यादी गावसभेत वाचली जावी. जीवरक्षक साधने अनुदानाने नव्हे, विनामूल्य द्यावीत. समुद्रावर हे करता आले तर तापीवर का नाही? तोलकाटा आणि बर्फाची पेटी संस्थेच्या मालकीची असावी. त्यानंतर कोणते यंत्र घ्यायचे ते संस्थेच्या सभेत ठरावे, अधिकाऱ्याच्या दालनात किंवा विक्रेत्याच्या दुकानात नव्हे. पहिली मागणी तोलकाट्याची करावी. ती साधी आहे, काही हजारांत भागणारी आहे. आणि तिला विरोध कोण करतो हे पाहिले की लढा कोणाशी आहे ते गावाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.