बर्फ पडतोय हे नळाला कोण सांगते?

आम्ही बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीबाजारातल्या लादीचा. आमच्या बहुतेक वाचकांचेही तेच असणार. पण जपानच्या निगाता प्रांतात नागाओका नावाचे शहर आहे. तिथे हिवाळ्यात आभाळातून इतका बर्फ पडतो की रस्ता, अंगण, छप्पर सगळे गाडले जाते. तो हटवला नाही तर दवाखाना नाही, शाळा नाही, कामावर जाणे नाही.

हटवायचा कोणी? खेड्यापाड्यांतली तरुण मुले नोकरीसाठी मोठ्या शहरांत गेलेली. मग फावडे उचलतात घरातली म्हातारी माणसे. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानात बर्फापायी १५२ माणसे दगावली. त्यांत वृद्धांचाच भरणा मोठा होता आणि बहुतेकजण बर्फ काढता काढताच गेले. आकडा वाचून आम्ही सुन्न झालो.

म्हणून नागाओकात १९६१ साली एक युक्ती अमलात आली. जमिनीखालचे पाणी हिवाळ्यातही साधारण १३-१४ अंश उबदार असते. ते पंपाने उपसायचे आणि रस्त्याच्या मधोमध पुरलेल्या पाइपाच्या छिद्रांतून शिंपडायचे. बर्फ विरघळतो, पाणी गटारात जाते. ही कल्पना इमाई योसाबुरो या खाऊच्या कारखानदाराची, असे तिथे सांगतात. १९६३ च्या जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, तेव्हा हे पाइप कामी आले आणि मग गावोगावी पसरले. पाण्यात लोह असल्याने रस्ते गंजासारखे तांबडे झाले, पण त्याची तक्रार कोण करतो!

तक्रार निघाली ती वेगळीच. पंप एकदा चालू केला की बर्फ थांबला तरी पाणी वाहतच राही. रात्री उठून कळ कोण बंद करणार? सगळ्यांनी एकाच वेळी उपसा केल्यावर जमिनीतले पाणी खाली गेले आणि काही ठिकाणी जमीनच खचू लागली. एकाने बोअर मारली की शेजारच्याची विहीर आटते, हे आपल्या दुष्काळी भागातल्या मायबहिणींना समजावून सांगायला नको.

इथे सेन्सर कामाला आला. खांबावर बसवलेली एक पेटी डोळ्यांना न दिसणारे किरण सोडते. समोरून पडणाऱ्या बर्फाच्या कणांवरून ते परत येतात आणि पेटी ते कण मोजते. हवाही पुरेशी थंड असेल तरच पंप सुरू होतो. बर्फ थांबला की पंपही थांबतो.

काही ठिकाणी पाणी शिंपडत नाहीत, तर फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा घालतात. तिथला सेन्सर म्हणजे फरशीत सपाट बसवलेली धातूची चकती. ती दोन गोष्टी तपासते: थंडी आहे का, आणि ओल आहे का? नुसती थंडी पाहिली तर कोरड्या रात्रीही वीज जळत राहील. नुसती ओल पाहिली तर साध्या पावसातही फरशी तापेल. दोन्हींचे उत्तर 'होय' आले तरच उष्णता सुरू.

यातली एक खुबी आम्हाला फार आवडली. कोरडा बर्फ वीज नीट वाहू देत नाही, मग चकतीला ओल कळायची कशी? म्हणून तिच्या पोटातच छोटासा हीटर असतो. तो वर पडलेला बर्फ आधी वितळवतो. त्याचे पाणी दोन धातूच्या कड्यांमध्ये साचले की किंचित वीज वाहते आणि यंत्राला खबर मिळते. बर्फ थांबल्यावरही फरशी काही वेळ तापती ठेवतात, कारण उरलेले पाणी गोठले की त्याची काच होते, आणि बर्फापेक्षा त्या काचेवरून माणूस लवकर घसरतो.

मात्र हीच चकती वळचणीखाली किंवा झाडाखाली बसवली, तर बर्फ तिच्यावर पडतच नाही आणि बाहेर रस्ता पांढरा झाला तरी यंत्र झोपलेलेच. चिखल आणि मीठ साचले तरी ती फसते. तेव्हा माणसाच्या हातचे फावडे गेले, पण एक काम उरलेच आहे. अधूनमधून कोणीतरी वाकून, फडक्याने ती चकती पुसावी लागते.