सायकल आहे, मुक्कामाचं काय?

‘एवढ्या लांब सायकलने? पाय नाही दुखत?’ सायकलवरून भटकणाऱ्या बाईला हा प्रश्न हमखास विचारला जातो. पाय दुखतात हो, पण झोप झाली की बरेही होतात. खरा प्रश्न आहे तो झोपायचं कुठे, हा!

कोकणातला सागरी मार्गच घ्या. चढ-उतार दम काढतात, पण समुद्राची सोबत असते. खाडी आडवी आली तरी अडत नाही. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ... फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे उतरायचं. अडतं ते संध्याकाळी, लॉजच्या काउंटरवर. ‘एकट्याच? बरोबर जेन्ट्स नाहीत?’ आणि मग एकाएकी सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. रिसॉर्टवाले घेतात, पण तिथलं एका रात्रीचं भाडं ऐकून सायकलस्वारीचा स्वस्तपणाच संपतो.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले आणि रात्र एका शाळेत काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा मुक्कामाला का वापरू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. त्यातूनच यूथ होस्टेलची चळवळ उभी राहिली. भाडं खोलीचं नाही, कॉटचं. एकावर एक कॉट, सामानाला कपाट, स्त्रियांसाठी वेगळी डॉर्मिटरी. एकटीने आलेल्या बाईला तिथे खोलीभर पैसे मोजावे लागत नाहीत आणि रात्री ती एकटीही नसते. आपल्याकडे गोवा, मनालीत अशी होस्टेल्स आहेत. पण सायकलवालीला ती दर ५०-६० किलोमीटरवर हवीत, मधल्या साध्यासुध्या गावांत.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीत, सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा सायकलवर केली. आपण सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. पण आपली लेक ‘हरिहरेश्वरला सायकलने जाऊ?’ म्हणाली, तर? ‘एकटी? मुळीच नाही!’ आईची काळजी खोटी नाही. पण तिचं उत्तर लेकीला घरी बसवणं नव्हे, वाटेवर भरवशाचं दार असणं हे आहे.

ते दार बायकाच उघडू शकतील. राज्य सरकारच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात स्त्रियांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. गावातल्या चार-सहा खाटांची एक खोली, स्वच्छ संडास-बाथरूम, सायकलला पडवी आणि गरम पिठलं-भात. यापलीकडे लागतंय काय? घर चालवणाऱ्या बाईला चार पैसे मिळतील आणि वाटेवरच्या बाईला निर्धास्त झोप. ‘बरोबर कोण आहे?’ असं न विचारता ‘जेवणार ना?’ असं विचारणारं एक घर गावोगावी हवं. रस्ता कापायला आमच्या पोरी समर्थ आहेत!