हजेरीत राहून गेलेलं नाव

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात नववीतली एक मुलगी स्टाफरूममध्ये आली आणि माझ्यापुढे दोनशे पानी वही ठेवून म्हणाली, "टीचर, शुद्धलेखन तपासून द्याल? अभ्यासाचं नाहीये." पहिल्या पानावर सर्वांत वर बिस्मिल्लाह आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'सॅली-अ‍ॅन पर्क्सची गोष्ट'. दोन्ही एकाच पानावर पाहून मला हसू आलं. ती गंभीर होती, म्हणून मीही गंभीर झाले.

ही सॅली-अ‍ॅन कोण, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरात 'हॅरी पॉटर' वाचणारी मुलं असतील तर त्यांनाही विचारून पाहा, बहुतेकांना सांगता येणार नाही. १९९७ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात नव्या मुलांना आडनावाने एकेकाला पुढे बोलावतात, तिपाईवर बसवतात आणि डोक्यावर एक जुनी टोपी ठेवतात. कोणी कोणत्या घरात राहायचं ते ती टोपी सांगते. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने पुकारली जातात. पार्किन्सन, मग पाटील, पुन्हा पाटील (त्या जुळ्या बहिणी), मग पर्क्स, सॅली-अ‍ॅन, आणि मग पॉटर, हॅरी. एवढंच. सॅली-अ‍ॅन कोणत्या घरात गेली हे लेखिकेने सांगितलेलं नाही आणि पुढे सात पुस्तकं संपेपर्यंत तिचं नाव पुन्हा येत नाही. पाचव्या पुस्तकात, म्हणजे मुलं पाचव्या वर्षात असताना, परीक्षेसाठी परत नावं पुकारली जातात. तिथे पार्किन्सन आहे, पद्मा पाटील आहे, पार्वती पाटील आहे आणि थेट पॉटर. मधली मुलगी गायब.

ज्याने वीस वर्षं हजेरी घेतली आहे त्याला हे खुपतंच. मी ती पानं मुद्दाम उघडून पाहिली. लेखिका विसरली असेल, हे उघड आहे. एवढ्या मोठ्या कथेत एखादं नाव निसटतं. पण वाचणाऱ्या मुलांना ते निसटलेलं नावच दिसतं, आणि ती वही घेऊन बसतात.

या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात. आवडलेल्या पुस्तकातली पात्रं घेऊन वाचकांनीच लिहिलेल्या गोष्टी. पैसा नाही, छापील पुस्तक नाही, केवळ हौस. इंटरनेटवर अशा लाखो गोष्टी आहेत, आणि त्या जपणाऱ्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कारही मिळाला. (आईबापांसाठी एक सूचना: तिथलं सगळंच लहान मुलांनी वाचण्याजोगं नसतं. म्हणून मी माझ्या मुलांना वहीत लिहायला सांगते.) आपल्या घरात ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. अमीर हमजाची दास्तान आठवा. फारसीतली ती कथा लखनौच्या दास्तानगोंच्या हाती पडली आणि नवल किशोर छापखान्यात तिचे ४६ खंड झाले. 'तिलिस्म-ए-होशरुबा' त्यातलाच एक भाग. मूळ कथेत नसलेले अय्यार, जादूगारणी, शहजाद्या हे सगळे ऐकणाऱ्यांना आणखी हवं होतं म्हणून वाढले.

तर, वही. पहिल्या वाचनात माझी निराशा झाली. त्या मुलीची सॅली-अ‍ॅन ही जगातली सर्वांत बलवान जादूगारीण होती. डोळे हिरवे, केस कमरेपर्यंत, वडील गुप्त सरदार. तिने हॅरीचा जीव तीनदा वाचवला होता आणि हे कोणालाच कळू दिलं नव्हतं. मराठी छान होतं. पण सॅली-अ‍ॅन कुठेच नव्हती.

या चुकीलासुद्धा नाव आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या अशा गोष्टींची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. तिच्या नायिकेचं नाव मेरी स्यू. सर्वांत तरुण, सर्वांत हुशार, सगळ्यांची लाडकी. तेव्हापासून अशा पात्राला मेरी स्यू म्हणतात. दुय्यम पात्राला मोठं करायचं म्हणजे त्याला नायक करायचं, असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. मग झाकलेलं पात्र उघडं होत नाही, त्याच्या जागी दुसरंच कोणीतरी येऊन बसतं.

मी तिला बोलावून विचारलं, "बेटा, पुस्तकाने तुला तिच्याबद्दल काय काय दिलंय?"

"काहीच नाही, टीचर. फक्त नाव."

"नीट बघ. नाव कुठे आहे?"

ती पुस्तक घेऊन बसली. दोन तासांनी, मधल्या सुट्टीत, धावत आली. "टीचर, ती हॅरीच्या अगदी आधी आहे!"

हेच तर. हॅरी पॉटर हे नाव पुकारल्यावर सगळ्या सभागृहात कुजबुज सुरू होते, माना वर होतात. त्या क्षणी सॅली-अ‍ॅन कुठे होती? नुकतीच तिपाईवरून उतरून आपल्या टेबलाकडे चालत होती. अकरा वर्षांची मुलगी, नवी जागा. तिच्यासाठी ज्या टाळ्या वाजायला हव्या होत्या त्या अर्ध्यावर थांबल्या असतील. ती कोणत्या टेबलाकडे गेली हे कोणीच पाहिलं नाही, लेखिकेनेसुद्धा नाही, कारण सगळे पुढच्या मुलाकडे बघत होते. पुस्तकात तिचं घर का लिहिलेलं नाही, याचं उत्तर पुस्तकातच सापडलं. हिरव्या डोळ्यांची गरज उरली नाही.

मी तिला एवढंच सांगितलं की पुस्तकाने जे दिलंय ते मोडायचं नाही. हॅरीला सात पुस्तकांत ती दिसली नाही, तर तुझ्या गोष्टीतही त्याने तिच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. तिला मोठ्या लढाईतलं काही माहीत नसेल. ज्या दिवशी हॅरी राक्षसाशी लढत होता त्या दिवशी तिला कदाचित घरून पत्र आलं नव्हतं, आणि तिच्या दृष्टीने ती त्या दिवसाची मोठी बातमी होती. आणि तिला काहीतरी हवं असलं पाहिजे. छोटंसं चालेल, पण तिचं स्वतःचं.

पाटील बहिणींवरूनही आमचं बोलणं झालं. पाटील म्हटल्यावर मुलांना त्या आपल्या तालुक्यातल्याच वाटतात. आमच्या वर्गातही दोन पाटील आहेत, दोघीही मुसलमान, आणि 'आमचं आडनाव हॅरी पॉटरमध्ये आहे' असा त्यांचा रुबाब असतो. मोठ्या नृत्यसमारंभात त्या दोघी हॅरी आणि रॉनच्या जोडीदार म्हणून जातात आणि ती दोन पोरं त्यांच्याकडे धड बघतही नाहीत. आपल्याला ती संध्याकाळ हॅरीच्या कंटाळ्यातून कळते. पार्वतीच्या बाजूने ती कशी असेल? आणि जुळ्या असून टोपीने दोघींना वेगवेगळ्या घरांत टाकलं, त्या पहिल्या रात्री दोघींना झोप लागली असेल का? (सिनेमात दोघींना एकाच घरात टाकून ही गंमतच घालवली आहे.) मी मुलांना बजावलं, पाटील आहेत म्हणून उठल्यासुटल्या साडी आणि समोसे आणू नका. आपल्याकडच्या सिनेमांत मुसलमान माणूस दाखवायचा तर टोपी, अत्तर आणि कव्वाली येते, तसं होतं ते.

हे सगळं पोरांपुरतंच आहे असं नाही. आल्बेर काम्यूची 'परका' ही फ्रेंच कादंबरी १९४२ ची. अल्जीरियाच्या समुद्रकिनारी, रणरणत्या उन्हात, नायक एका माणसाला गोळ्या घालतो. कादंबरी जगभर गाजली, कॉलेजांत लागली. मेलेल्या माणसाला त्यात नाव नाही. तो फक्त 'अरब'. २०१३ मध्ये अल्जीरियाच्याच कामेल दाऊद यांनी फ्रेंचमध्येच दुसरी कादंबरी लिहिली. तीत त्या माणसाला नाव मिळालं, मूसा. त्याचा धाकटा भाऊ हारून आता म्हातारा झाला आहे, तो सगळं सांगतो. दाऊद यांनी खून पुसला नाही, मूसाला वीर केलं नाही, उन्हाची दुपारही तशीच ठेवली. फक्त घर दाखवलं. मुलाचं प्रेत हाती न लागलेली आई, रिकामी कबर, तिने जपून ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणं. हारूनचं सगळं म्हणणं मला पटतं असं नाही. पण नाव नसलेल्या माणसाला आई असते, एवढं कळल्यावर मूळ कादंबरी पहिल्यासारखी वाचता येत नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हणजे त्याचा जनाजा कोणीच लिहिला नव्हता." मला ते इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

डिसेंबरात वही परत आली. सॅली-अ‍ॅन आता साधी झाली होती. अक्षर चांगलं, गणित कच्चं, पहिल्या रात्री टाळ्या अर्ध्यावर थांबल्या ते मनाला लागलेलं. चार वर्षं ती बरी शिकते. मग सुट्टीत घरी जाते, आईचं ऑपरेशन होतं, धाकटी भावंडं तीन, आणि "एवढा महिना जाऊ दे" म्हणत म्हणत शाळा सुटते. परीक्षेच्या दिवशी तिकडे नावं पुकारतात तेव्हा इकडे ती भाताचं पाणी काढत असते. पाटीलनंतर थेट पॉटर. कोणी विचारत नाही, मधली कुठे गेली.

मी वही मिटली आणि म्हटलं, "हे तुला कसं सुचलं?"

ती खाली बघत म्हणाली, "टीचर, माझी आपा तुमच्याच वर्गात होती. आठवीत."

मला आठवेना. खरं सांगते, चेहरा डोळ्यांसमोर येईना. एकेका वर्गात साठ मुली, त्यात शेख आडनावाच्या अकरा. मी "हो का, हो का" म्हणत राहिले आणि ती गेल्यावर कपाटातून चार वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक काढलं. एकतीस नंबर. नोव्हेंबरपर्यंत हजेरी जवळजवळ पूर्ण. डिसेंबरात चार दिवस. मग माझ्याच अक्षरात, लाल शाईने, 'सतत गैरहजर'. एकदा एका मुलीबरोबर निरोप पाठवल्याचं अंधुक आठवतं. नंतर वार्षिक परीक्षा आली, पेपर आले, नवा वर्ग आला. तिच्या पुढच्या नंबरची मुलगी मला स्वच्छ आठवते. ती वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली होती.

हा मजकूर दोघी बहिणींना विचारून लिहिते आहे. नावं त्यांनी देऊ नका म्हटलं, म्हणून देत नाही.

वही मी धाकटीबरोबर घरी पाठवली होती. तिच्या आपाने ती एका रात्रीत वाचली आणि पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली. गोष्टीत शाळेच्या शेवटच्या दिवशी सॅली-अ‍ॅन फाटकाला धरून रडते. आपाने त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं: 'तो शेवटचा दिवस आहे हे तिला माहीत नव्हतं. ती कंपासपेटी बाकात ठेवून गेली.'

धाकटीला हे आवडलं नाही. रडण्याचं वाक्य तिने फार जीव लावून लिहिलं होतं. आमचा त्यावर बराच वाद झाला. शेवटी तिने वाक्य खोडलं, मात्र कंपासपेटीचा रंग स्वतः ठरवला.

शाळा सोडलेल्यांना दहावीला बाहेरून बसता येतं, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो मुदतीत भरायचा तर मला आधी त्यांच्या अम्मींना भेटायला हवं. येत्या इतवारी जाणार आहे. आपाने निरोप पाठवला आहे की या, पण गणिताचं काय ते आधी सांगा.