घबराहट की घटलेली साखर?

शाळेच्या पालकसभेला येणाऱ्या आया मुलांच्या गुणांविषयी जितके बोलतात, तितकेच हल्ली घरातल्या मोठ्या माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतात. त्यात एक शब्द आमच्या कानावर वारंवार पडतो : घबराहट. "अम्मींना मध्येच घबराहट होते. छाती धडधडते, हात कापतात, दरदरून घाम सुटतो, आता आपलं काही खरं नाही असं त्यांना वाटतं." अशा झटक्याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. तरी अशा वेळी आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : त्यांना डायबिटीस आहे का? आणि असेल तर गोळी कोणती चालू आहे?

या प्रश्नामागे साधे कारण आहे. आपला मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. रक्तातली साखर फार खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवते आणि अ‍ॅड्रेनालिन नावाचे रस रक्तात सोडते. अंगावर कुत्रा धावून आला तरी हेच अ‍ॅड्रेनालिन सुटते. धडधड, थरथर, घाम आणि जिवाची भीती ही त्याचीच कामे. म्हणून साखर घटलेला माणूस आणि मनाने घाबरलेला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात. खुद्द त्या माणसालाही फरक कळत नाही.

सगळ्या औषधांनी असे होत नाही. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर साखर एवढी खाली जाणे विरळ. खरी काळजी घ्यायची ती इन्सुलिनची, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांची. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. जेवण चुकले, उशीर झाला, रोजच्यापेक्षा जास्त मेहनत झाली, की साखर घसरते. वय झालेल्यांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत औषध शरीरात जास्त वेळ राहते, म्हणून धोकाही जास्त. अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्रच असतात. म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून घ्यावे.

आमच्या नात्यातल्या एका खालांचे उदाहरण सांगतो. घरात लग्नाची तयारी चालू होती. रोज चार-साडेचारच्या सुमारास त्यांना घबराहट व्हायची. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले लेक सासरी जाणार म्हणून मनाला लावून घेतलेय. पढलेले पाणी झाले, झोपेची गोळीही सुरू झाली. त्यांच्या धाकट्या सुनेने मात्र एक वही केली. झटका किती वाजता आला, त्याआधी काय खाल्ले, गोळी कधी घेतली, एवढेच ती लिहायची. आठवड्यात चित्र स्पष्ट झाले. पाहुण्यांच्या गडबडीत ज्या दिवशी खालांचे दुपारचे जेवण राहिले, त्याच दिवशी झटका आला होता. पुढच्या वेळी तिने ग्लुकोमीटर लावला, तर आकडा 58. वही आणि आकडा पाहून डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी केले. खालांना सर्वात जास्त बरे वाटले ते या गोष्टीचे, की आपण भित्र्या नाही आणि आपले डोकेही ठिकाणावर आहे.

तेव्हा घबराहट झाली की आधी बोट टोचून साखर पाहा. 70 पेक्षा कमी म्हणजे साखर घटली, 54 पेक्षा कमी म्हणजे गंभीर. मीटर हाताशी नसेल तर साखर घटली असे धरूनच चाला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, किंवा अर्धा कप फळांचा रस. चॉकलेट किंवा मिठाई नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर पोळी, बिस्किटे असे काही खायला द्या आणि पुढचे काही तास लक्ष ठेवा, कारण या गोळ्यांनी साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि थेट दवाखाना गाठा.

आणखी दोन गोष्टी. रात्री वाईट स्वप्ने पडून दचकून उठणे, कपडे घामाने भिजणे, सकाळी डोके जड असणे, ही झोपेत साखर घटल्याची खूण असू शकते. आणि ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा सुटतो. नुसत्या घामालाही हलके समजू नये.

रमजानमध्ये हा विषय अधिकच महत्त्वाचा होतो. 2001 साली 13 मुस्लिम देशांतल्या 12,000 हून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप 2 डायबिटीस असलेल्यांत साखर घटून इस्पितळात जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढलेले आढळले. इफ्तारच्या आधीचे दोन-तीन तास विशेष जपण्याचे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. साखर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. मगरिबला वीसच मिनिटे उरली म्हणून थांबायचे नाही. आजाऱ्यासाठीची सवलत सूरह बकरामध्येच आलेली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला? रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून सहरी आणि इफ्तारची गोळी ठरवून घ्यावी.

आता दुसरी बाजू. झटक्याच्या वेळी दोन-तीनदा मोजूनही साखर नीट असेल, तर ती घबराहट मनाची असू शकते. तोही आजारच आहे आणि त्यावर चांगला इलाज आहे. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाण्यात लाज नाही. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र साखर आणि मन दोन्ही बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करावी. डायबिटीसमध्ये हृदयविकार कधी कधी फारसे न दुखताही येतो.

हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. वाढलेली साखर डोळे आणि मूत्रपिंड गुपचूप खाते. गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच. आपण त्यांच्यापुढे नेमका आकडा आणि नेमकी वेळ ठेवायची.

आपल्या घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. गोळी मात्र ती वेळेवर घेते, कारण डॉक्टरांनी बजावलेले असते. घरच्यांनी एवढे करावे : अम्मी, खाला, दादी यांना गोळीची आठवण करताना समोर ताटही ठेवावे.