गिटार मोठी की हात लहान?

दोस्तांनो, जूनमध्ये गणवेश शिवायला टाकता ना, तेव्हा आई शिंपीकाकांना काय सांगते? "वाढत्या अंगाचा शिवा हो!" मग वर्षभर बाही मनगटाखाली लोंबते आणि पुढच्या वर्षी गणवेश कसा बरोब्बर बसतो. गणवेशाला ही युक्ती छान. पण वाद्याला लावली तर काय होतं, ते परवा आलेल्या एका पत्रानं मला दाखवलं.

पत्र आलं जिवतीहून. चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगडच्या पहाडावरचं हे गाव. लिहिणारी सातवीतली मैत्रीण. तिच्या मामेभावानं नोकरीला जाताना आपली गिटार तिला देऊन टाकली. बोटं कुठं ठेवायची ते वहीत काढूनही दिलं. तीन महिने ती रोज संध्याकाळी बसते. पण 'सी' कॉर्ड धरायला गेली, की तिसरं बोट जागेवर पोचतच नाही. पोचलं तर पहिलं सुटतं. बोटांची टोकं लाल होतात ती वेगळीच. आता बाबा म्हणतायत, "जमत नसेल तर विकून टाकू." पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "काका, माझे हातच लहान आहेत. मला गिटार कधीच येणार नाही का?"

येणार की! आधी पट्टी काढ बघू, कंपासपेटीतली.

सतारीला असतात तसेच गिटारच्या दांडीवर आडवे पडदे असतात. त्यांना 'फ्रेट' म्हणतात. दांडीच्या वरच्या टोकाला, जिथं तारा खाचांत बसवलेल्या असतात, तिथून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट केली की तारेची लांबी मिळते. पूर्ण मापाच्या गिटारला हे अंतर ३२५ मिलिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे तार झाली ६५० मि.मी.

आता गंमत ऐका. बाजारात पाऊण आणि अर्धी गिटारही मिळते. पाऊण म्हणजे ६५० चे पाऊणपट, ४८७ मि.मी., असं गणित कराल तर चुकाल! पाऊण गिटारची तार साधारण ५८० ते ५९० मि.मी. असते आणि अर्धीची ५३० च्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. म्हणून पाटीवरच्या नावावर जाऊ नका, पट्टीवर जा.

एवढ्याशा फरकानं काय होतं? पडदे तारेच्या लांबीच्या प्रमाणात बसवलेले असतात. पूर्ण गिटारवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे ९८ मि.मी. अंतर असतं. ५८० च्या गिटारवर तेच ८७ होतं. जवळपास एक सेंटिमीटर वाचला! मोठ्या माणसाला तो जाणवणारही नाही. पण सातवीतल्या मुलीच्या हाताला 'पोचलं' आणि 'नाही पोचलं' यांतला फरक तेवढाच असतो.

"म्हणजे नवी गिटार घ्यायची? पैसे कुठून आणायचे?" थांबा हो बाबा! आधी फुकटातला प्रयोग करून बघू.

गिटारवाले दांडीवर एक चिमटा लावतात, त्याला 'कॅपो' म्हणतात. तो दुसऱ्या पडद्याच्या किंचित अलीकडे लावला, की तारेचा वाजणारा भाग दुसऱ्या पडद्यापासून सुरू होतो. मग ६५० ची तार किती उरते? ५७९! म्हणजे घरातल्या घरात पाऊण गिटारचे पडदे तयार. आता तिसऱ्या पडद्याला पहिला समजायचं आणि वहीतल्या खुणा तशाच पुढं मोजायच्या. स्वर चढतील, म्हणून आधी सगळ्या तारा दोन-दोन पडद्यांइतक्या उतरवून घ्यायच्या. त्यानं ताण कमी होतो आणि बोटांनाही जरा आराम मिळतो. कॅपो नसेल तर तारांवर आडवी पेन्सिल ठेवून घट्ट रबरानं बांधा. थोडी खरखर होईल, पण चाचणीपुरतं चालतं.

एवढं करून 'सी' कॉर्ड धरता आली, तर दोष हाताचा नव्हता, मापाचा होता. आणि तरीही जमलं नाही तर? मग तारांची उंची बघा. बाराव्या पडद्यावर तार पडद्यापासून ४ मि.मी.हून जास्त वर असेल, तर ती दाबताना मोठ्या माणसालाही घाम फुटेल. वाद्य दुरुस्त करणारा कारागीर ती उतरवून देतो.

आईबाबांनो, पुढंमागं दुकानात जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. खुर्चीवर बसवून गिटार हातात द्या. उजवा हात तारांवर ठेवताना खांदा वर उचलला जातो का? डाव्या हातानं पहिला पडदा धरताना कोपर अगदी ताठ होतं का? होत असेल तर गिटार मोठी आहे. नवशिक्यानं नायलॉनच्या तारांची घेतली तर बोटं कमी दुखतात. तिची दांडी मात्र रुंद असते, तेही हातात धरून बघा. आणि हो, नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कधी लावू नका. त्यांच्या ताणानं घोडी उखडून येते.

लहान गिटार आणि खेळण्यातली गिटार यांत फरक आहे बरं का! कोणतीही एक तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा स्वर पहिल्याचाच वरच्या सप्तकातला यायला हवा. बेसूर आला तर ती गिटार खुंटीवर टांगायच्या लायकीची.

लहान माप घेण्यात कमीपणा कसला? आपल्या मिरजेत तंबोरे बनतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं पुरुषांचा तंबोरा मोठा आणि बायकांचा लहान, आवाजाच्या पट्टीप्रमाणे. लहान तंबोऱ्याला कुणी खेळणं म्हणत नाही. आणि योसेफ हॉफमन (१८७६-१९५७) हे जगप्रसिद्ध पियानोवादक. त्यांचे हात लहान होते. स्टाइनवे कंपनीनं त्यांच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. एवढ्या मोठ्या कलावंतानं हात ओढून लांब केले नाहीत, वाद्य हाताजोगं करून घेतलं.

लहान गिटारचा आवाज थोडा कमी घुमतो, हे खरं. पण रोज वाजणारी लहान गिटार ही कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या मोठीपेक्षा केव्हाही बरी, नाही का?

जिवतीच्या मैत्रिणीला हे सगळं लिहून कळवलं होतं. काल तिचं कार्ड आलं. त्यावर दोनच ओळी: "पेन्सिल बांधली. सी आली. बाबा म्हणाले, राहू दे गिटार."

तुमच्या घरी गिटार असेल तर आज मोजून बघा आणि आकडा मला कळवा. पत्त्याखाली इयत्ता लिहायला विसरू नका हं!